चार बोटं माती

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्हाला नवल वाटणार नाही. लोखंडाला राग शोभत नाही, असं कुणी म्हणेल. पण तुम्ही आयुष्यभर खरं बोलला असता, एके दिवशी कुणी तुमच्या डोक्यात घण घालून तुम्हाला खोटं बोलायला लावलं असतं, आणि वर जगाला सांगितलं असतं की खोटारडे तुम्हीच, तर तुम्ही काय केलं असतं? मी आज तेवढंच करते आहे. जसं घडलं तसं सांगते आहे.

माझी लांबी चार फूट, जाडी तुमच्या अंगठ्याएवढी. माझा जन्म खाणीच्या आवारातल्या वेल्डरच्या शेडमध्ये झाला. त्याआधी मी खाणीत उतरणाऱ्या जिन्याच्या कठड्याचा गज होते. हजारो हात मला धरून खाली गेले आणि मला धरूनच वर आले. मग खाण संपली. डोंगराच्या पोटात काढण्यासारखं काही उरलं नाही. माणसं गेली, यंत्रं गेली, कठडे तोडले गेले. वेल्डरने आमचे बारा सारखे तुकडे केले, एका टोकाला अणी काढली आणि दुसरं टोक घासून गुळगुळीत केलं. "सुटलात," तो आम्हाला म्हणाला. "आता नुसतं उभं राहायचं. ना कुणाला धरायचं, ना कुणाला सावरायचं." बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, आमच्यावर काय जोखीम पडणार होती ते.

आम्हाला कुठे उभं केलं, ते नीट समजून घ्या. खाणीतून निघालेला दगड दळून धुवावा लागतो. त्यातला कामाचा भाग ठेवून घेतात आणि उरलेला पिठासारखा राखाडी गाळ पाण्याबरोबर एका मोठ्या तळ्यात सोडून देतात. चाळीस वर्षं तो गाळ त्या तळ्यात साचत गेला. खाण बंद झाल्यावर तळं आटवलं, गाळावर हातभर जाडीची माती पसरली, आणि वस्तीच्या बाजूला एक लांबलचक उतार तयार झाला. वरवर बघणाऱ्याला वाटावं, साधं माळरान आहे. पण ती हातभर माती म्हणजे नुसतं झाकण होतं. झाकणाखालचा गाळ एकदा का भिजला, की पातळ पिठासारखा पळत सुटतो. उताराच्या पायथ्याशी वस्ती होती. वस्तीची शाळा होती. शाळेच्या मागे सगळ्या वस्तीला पाणी पाजणारी विहीर होती.

म्हणून त्या मातीवर लक्ष ठेवायला आम्हा बारा बहिणींची नेमणूक झाली.

आम्हाला रंगवलं ते मोजणीदारांनी. निवृत्तीला वर्षभर उरलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझ्या बरोब्बर मध्यावर एक काळी रेघ ओढली. ही रेघ जमिनीच्या पातळीला राहणार होती. रेघेच्या खाली, जो भाग मातीत पुरायचा त्यावर, लाल आणि पांढरे पट्टे दिले, प्रत्येक पट्टा एका बोटाच्या रुंदीचा. मला पुरलं तेव्हा एकही पट्टा दिसत नव्हता. माती वाहून गेली की पट्टे उघडे पडणार. एक पट्टा दिसला, एक बोट माती गेली. दोन दिसले, दोन बोटं गेली. इतकं सोपं की पहिलीतल्या मुलालाही कळावं. साहेबांना कळायला मात्र फार जड गेलं. त्यांची ओळख पुढे करून देते.

मी सातवी. पाणी बाहेर काढणाऱ्या नाल्याच्या दगडी भिंतीपासून सर्वांत जवळची. मला ठोकून झाल्यावर मोजणीदारांनी एक लांब पारदर्शक नळी आणली. गवंडी पातळी बघायला वापरतात तशी, पाण्याने भरलेली. तिचं एक टोक त्यांनी माझ्या डोक्याशी धरलं आणि दुसरं रोपवाटिकेच्या मावशींच्या हातात दिलं.

"हे भिंतीशी धरा, मावशी. हलवू नका."

नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर थांबलं. मोजणीदारांनी भिंतीच्या दगडावर छिन्नीने त्या उंचीला एक रेघ कोरली आणि शेजारी माझा आकडा लिहिला, सात.

"हे कशाला?" मावशींनी विचारलं.

"काठीवर शंका आली तर भिंतीला विचारायचं. काठीला हलवता येतं. भिंतीला नाही."

मोजणीदार निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपली वही मावशींच्या स्वाधीन केली आणि म्हणाले, "दर महिन्याला बारा आकडे. बाकी काही लिहू नका." मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतका मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता.

आता मावशी. त्यांचे वडील याच खाणीत सुरुंगाला भोकं पाडायचे आणि नवरा पंपावर होता. खाण बंद झाल्यावर जुन्या वजनकाट्याच्या खोलीमागे त्यांनी रोपवाटिका उभी केली. लोक त्यांना मावशी म्हणत, साहेबसुद्धा मावशीच म्हणत. आजूबाजूच्या खडकाळ टेकड्या हिंडून त्या गवताचं बी गोळा करत. जिथे काही उगवू नये अशा फटीत जे उगवतं, तेच बी. "लाडावलेलं रोप इथे टिकायचं नाही," त्या म्हणत. "याला उपाशी राहायची सवय पाहिजे."

उतारावर त्यांनी आधी फांद्यांच्या मोळ्या बांधल्या, आडव्या टाकल्या आणि खुंट्या मारून पक्क्या केल्या. पाणी धावत आलं की मोळीपाशी अडखळायचं, हातातली माती तिथेच टाकायचं आणि रिकाम्या हातांनी पुढे जायचं. मोळ्यांच्या मागे साचलेल्या मातीत मावशींनी गवत पेरलं. गाळातून वर येणारा आंबटपणा मारायला त्यात चुना आणि कुजलेलं खत कालवलं. पहिल्या वर्षी त्या गवताचे नुसते पुंजके दिसत. इथे एक, तिथे एक. वर्षअखेर मी अर्धा पट्टा दाखवला. मावशींनी वहीत लिहिलं, "सात, अर्धा." आणि माझ्या पायाशी आणखी एक मोळी आणून टाकली.

हे असंच चाललं असतं, तर मला तुम्हाला सांगण्यासारखं काही नव्हतं. फार बरं झालं असतं.

मग उताराच्या कामावर नवे साहेब आले. त्यांचे बूट चकचकीत होते, आणि ते उतारावर कधी चढले नाहीत. खालून, गाडीपाशी उभं राहून बघायचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण साहेबांना दुरूनही साजरा दिसेना.

"मावशी, हे काय लावलंय? वाळक्या काटक्या आणि टक्कल पडल्यासारखं गवत."

"पहिलंच वर्ष आहे साहेब. हे गवत आधी खाली जातं, मग वर येतं. हातभर मूळ गेलंय त्याचं."

"मूळ फोटोत दिसत नाही," साहेब म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात एक टँकर आला. त्यात पाणी, कागदाचा लगदा, कसलंसं झटपट उगवणारं बी आणि हिरवा रंग कालवलेला होता. मोठ्या नळीने सगळा उतार रंगवून काढला. टँकरच्या नळीला अडथळा नको म्हणून आधी मावशींच्या सगळ्या मोळ्या उपसल्या आणि एका कोपऱ्यात जाळल्या. आम्हा बारा बहिणींच्या अंगावर हिरवे शिंतोडे उडाले. दहा दिवसांत उतार असा हिरवागार झाला की डोळे दिपावेत. साहेबांनी खूप फोटो काढले. तेव्हापासून कामगार त्यांना आपसात हिरवे साहेब म्हणू लागले. "आपल्या साहेबांच्या हाताला यश आहे," ते म्हणायचे, "बी रुजायच्या आत गवत हिरवं होतं."

मावशी एक दिवस साहेबांच्या खोलीत गेल्या. हातात त्या गवताचा तुकडा होता, चटईसारखा गुंडाळलेला.

"हे एका हाताने निघालं साहेब. मूळ दोन बोटंसुद्धा नाही. ही चटई आहे. पाऊस लागला की गुंडाळली जाईल."

"मावशी," साहेब हसून म्हणाले, "तुम्ही रोपं बघा. उतार आम्ही बघतो."

पाऊस लागला आणि चटई गुंडाळली गेली. पहिल्यांदा उतारावर बोटाएवढे बारीक ओघळ उमटले. मग दोन ओघळ मिळून एक झाला. माझा एक पट्टा उघडा पडला. महिन्याभरात दुसरा. पाऊस थांबेपर्यंत चार. चार बोटं माती, मित्रांनो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण झाकण मुळात हातभरच होतं, आणि जिथे माझे चार पट्टे दिसत होते तिथे तिसरीचे सात आणि चौथीचे नऊ दिसत होते. मी ओरडू शकत नव्हते. पट्टे दाखवणं हेच माझं ओरडणं. मावशींनी ते ऐकलं, वहीत लिहिलं, वही साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. वही तशीच परत आली. तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग तेवढा नवा होता.

आता ज्या दिवसाबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे, त्या दिवसाकडे येते.

दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणी होती. साहेबांनी त्या सकाळी मावशींना आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, जुन्या गोदामामागची रोपं हलवायला पाठवलं. दुपारी कामगार जेवायला बसले असताना मुकादम उतारावर आला. त्याच्या हातात घण होता. हा मुकादम वाईट माणूस नव्हता. कामगार आजारी पडला तर त्याचं काम स्वतः करायचा. त्याची बायको पायथ्याच्या शाळेत शिक्षिका होती, आणि रोज सकाळी तिचा डबा विसरला म्हणून तो धावत जाऊन देऊन यायचा. असा माणूस घण घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

पहिलीपासून सुरुवात करून तो माझ्यापर्यंत आला. इकडेतिकडे बघितलं. मग घण उचलला.

मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. लोखंडाला घणाचं काय कौतुक. घणाखालीच आमचे जन्म होतात. पण प्रत्येक घावाला माझा एक पट्टा मातीत जात होता. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. माझं खरं बोलणं तो माझ्याच घशात ठोकत होता. काळी रेघ जमिनीला टेकली तेव्हा तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "उद्यापुरतं. परवा वर ओढतो." परवा आला आणि गेला. तो काही आला नाही.

तपासणीच्या मॅडम आल्या. साहेबलोकांत त्या एकट्याच अशा होत्या की ज्या उतारावर चढल्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. प्रत्येक काठीपाशी वाकल्या. काळी रेघ जमिनीला टेकलेली बघितली. पायाखाली आदल्याच दिवशी पुन्हा मारलेला हिरवा रंग होता. त्यांनी लिहिलं, शून्य. बारा वेळा शून्य. माझ्या तोंडून माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं बाहेर पडलं, आणि ते शिक्क्यानिशी कागदावर गेलं.

त्या उताराला उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. साहेबांचा हार घातलेला फोटो त्यांच्या खोलीत लागला. त्या फोटोत मागे, कोपऱ्यात मीही आहे. बारीक नजरेने बघितलंत तर दिसेन.

मावशी वही घेऊन आल्या तेव्हा आठवडा उलटला होता. माझ्यापाशी बसल्या आणि बघतच राहिल्या. आठवड्यापूर्वी चार, आज काहीच नाही. माती काय आभाळातून परत आली? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. घणाने माझं गुळगुळीत टोक चेपलं होतं आणि कडा बाहेर आल्या होत्या. त्यांचं बोट कापलं. ते त्यांनी तोंडात धरलं. मग वहीत लिहिलं, "सात, शून्य अधिक चार."

मुकादमाला त्यांनी पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"तू ठोकल्यास?"

मुकादम जमिनीकडे बघत राहिला. "मावशी, माझ्या पोटावर का पाय देताय? वरून सांगितलं तर मी काय करणार?"

"मी काही देत नाही रे बाबा. तुझी बायको खाली शाळेत असते, एवढंच म्हणते."

मावशींनी तपासणीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याला पोच आली, की आपलं पत्र मिळालं, योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे. तो योग्य विभाग कुठे असतो, हे अजून कुणाला सापडलेलं नाही. तिसरं पत्र लिहिलं तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, की उतारावर जायचं तर लेखी परवानगी लागेल. परवानगीचा अर्ज साहेबांकडेच करायचा होता.

पुढच्या पावसाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, ते झाकण फाटलं.

तीन दिवस झड लागली होती. तिसरी आणि चौथीच्या मधला ओघळ आता पुरुषभर खोल घळ झाला होता. घळीच्या तळाशी मला राखाडी रंग दिसला, आणि मी समजले. माती संपली. गाळ लागला. मग एक आवाज झाला, ओल्या कापडाचा पिळा झटकल्यासारखा, आणि माझ्या पाच बहिणी माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. तिसरीपासून सुरुवात झाली. आधी ती वाकली, मग आडवी झाली. तिच्यामागून चौथी, पाचवी, दुसरी आणि पहिली. मी भिंतीच्या आधारामुळे राहिले. राखाडी गाळ घाई न करता, जाडसर, सगळं कवेत घेत शाळेकडे निघाला.

शाळेत त्या दिवशी एकतीस मुलं होती. मुकादमाच्या बायकोने खिडकीतून बघितलं. तिने आरडाओरडा केला नाही. सगळ्यांना एकमेकांचा हात धरायला लावून बाहेरच्या लोखंडी शिडीने छतावर चढवलं, लहान आधी, मोठे नंतर. एकतीस मोजून झाले. ती स्वतः शिडीवर असताना वर्गातलं कपाट गाळाबरोबर दारातून बाहेर आलं आणि शिडीवर आदळलं. तिचा पाय शिडी आणि भिंत यांच्यामध्ये चिरडला.

मुकादम उतारावरून धावत खाली गेला. मी त्याला बघत होते. छातीभर गाळात तो दोन्ही हातांनी, कुत्र्यासारखा उकरत पुढे जात होता. छतावरून मुलं त्याला सांगत होती, "काका, इकडून. इकडून या." त्याने बायकोला शिडीवरून सोडवलं. ती जगली. पाय पूर्वीसारखा झाला नाही. विहीर मात्र काठोकाठ गाळाने भरली, आणि त्या दिवसापासून वस्तीला पाणी टँकरने येऊ लागलं. ज्या टँकरने उतार रंगवला होता, तोच टँकर असावा असं लोक म्हणत. खरंखोटं मला माहीत नाही.

मग चौकशी झाली. आणि मित्रांनो, चौकशीत दोषी कोण ठरलं असेल? मी.

साहेबांनी लेखी म्हणणं दिलं. "मोजकाठ्यांनी सातत्याने शून्य दाखवल्यामुळे झीज लक्षात आली नाही. मोजकाठ्या सदोष होत्या." नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होते. अंगणाला उचलून तुरुंगात टाकलेलं पहिल्यांदा बघितलं. माझ्या गळ्यात तारेने एक पत्र्याची पट्टी बांधली. तिच्यावर लिहिलं होतं, "सदोष, क्र. ७."

चौकशीला त्याच तपासणीच्या मॅडम आल्या होत्या. या खेपेला त्यांचा चेहरा उतरलेला होता. उताराच्या पायथ्याशी माणसं गोळा झाली. साहेब होते, मुकादम होता, वस्तीतले बरेच होते. मावशी वही घेऊन पुढे झाल्या. लेखी परवानगी घ्यायला त्या विसरल्या होत्या.

"मॅडम, काठी खोटी नाही. काठीला खाली ठोकलंय."

"पुरावा?" साहेब म्हणाले. "वही तुमची, अक्षर तुमचं. कुणीही काहीही लिहील."

मावशींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. शाळेची भिंत दुरुस्त करायला एक गवंडी आला होता, त्याची पाण्याची नळी त्यांनी मागून आणली. एक टोक मॅडमच्या हातात दिलं.

"तुम्ही स्वतः धरा मॅडम. काठीच्या डोक्याशी पाणी आणा. मी भिंतीकडचं टोक धरते, आणि पाणी कुठे थांबतं ते गवंडीच सांगेल. तो ना माझा, ना तुमचा."

नळीतलं पाणी थोडं डुचमळलं आणि थांबलं. गवंड्याने भिंतीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं. छिन्नीची रेघ आणि सातचा आकडा दिसला. पाणी त्या रेघेच्या खाली होतं.

"किती खाली?" मॅडमनी विचारलं.

गवंड्याने आपली बोटं दगडावर आडवी ठेवली. "चार बोटं."

साहेबांनी घसा साफ केला. "जमीन मऊ आहे. काठी स्वतःच्या वजनाने खचली असेल."

मॅडम माझ्यापाशी आल्या. दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवून त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. मी केसभरही हलले नाही. आयुष्यात इतकी ताठ मी कधी उभी राहिले नव्हते. मॅडमनी हात उचलला तर त्यांच्या तळव्यावर माझ्या चेपलेल्या कडांचे वळ उठले होते. त्या ते वळ बघत राहिल्या.

"हे वजनाने होत नाही," त्या म्हणाल्या. "मी मागच्या वेळी इथे वाकले होते. पण मी रेघ बघितली, डोकं बघितलं नाही. ही माझी चूक आहे, तीसुद्धा मी लिहिणार आहे."

मागून मुकादमाचा आवाज आला. "घण माझ्या हातात होता."

सगळे वळले. त्याने साहेबांकडे बघितलं नाही. "सांगितलं साहेबांनी. पण हात माझे होते. बाराही मी ठोकल्या. परवा वर ओढीन म्हणालो होतो, ओढल्या नाहीत. मावशींनी मला सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही."

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला. ऐका तर. मुकादमाची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली, कारण त्याने कबूल केलं होतं. साहेबांनी काहीच कबूल केलं नव्हतं, म्हणून त्यांची फक्त बदली झाली. ऐकते की नव्या जागी त्यांची खोली आधीच्यापेक्षा मोठी आहे, आणि तिथेही एक गाळाचं तळं आहे. मॅडमनी आपल्या अहवालात "सदोष" शब्दावर काट मारली. पण कार्यालयाच्या यादीत मी आजही सदोष आहे. यादी दुरुस्त करणाऱ्या टेबलापर्यंत ती काट अजून पोचलेली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोर आमच्याच लोखंडाच्या तारेचा.

मला भंगारात काढायचा हुकूम आला. मावशींनी तो वाचला, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला आणि मला उपटून रोपवाटिकेत नेलं. गळ्यातली पट्टी कापली. ब्रशने माझे पट्टे नव्याने रंगवले. डोकं मात्र तसंच ठेवलं. वेल्डर म्हणाला, घासून देतो. मावशी म्हणाल्या, "नको. ते राहू दे. बघणाऱ्याला विचारावंसं वाटलं पाहिजे."

मग त्यांनी उतार पुन्हा हातात घेतला. या वेळी वस्तीतली माणसं त्यांच्याबरोबर होती. चढ कमी करून उताराच्या पायऱ्या केल्या. वरचं पाणी उतारावर येऊच नये म्हणून माथ्यावर दगडी चर खणला. नवी माती आणली. मोळ्या पुन्हा बांधल्या, आधीपेक्षा जवळजवळ. मुकादम रोज सकाळी यायचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पहिले काही दिवस त्याच्याशी कुणी बोललंही नाही. तो गुपचूप खुंट्या ठोकायचा. एका दुपारी मावशींनी आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "खुंटी तिरपी मार. सरळ मारलीस तर पाणी उपटेल." तेवढ्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

गवत हळूहळू आलं. पहिल्या वर्षी टक्कल, दुसऱ्या वर्षी पुंजके, तिसऱ्या वर्षी पुंजक्यांनी एकमेकांना हात लावले. मग त्यांच्या आडोशाने झुडपं धरली. बाहेरून कुणी आलं तर म्हणतं, "एवढी वर्षं खपून एवढंच?" मावशी त्यांना काही सांगत नाहीत. खुरप्याने एक पुंजका उकरायला देतात. बाहेरचा माणूस ओढ ओढ ओढतो आणि घाम पुसत निघून जातो.

मला माझ्या जुन्याच जागी रोवलं आहे. दर महिन्याला शाळेतली मुलं येतात. त्यांच्या बाई काठी टेकत, लंगडत, पण येतात. गेल्या महिन्याची गोष्ट सांगते. एका मुलीने गुडघे टेकून माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. काळ्या रेघेखाली एक लाल पट्टा दिसत होता. वरचा चर एका जागी फुटला होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "एक बोट माती गेली. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे ना? लिहू का?"

बाईंनी आपला दुखरा पाय दगडावर टेकवला. "किती दिसतंय?"

"एक."

"मग एक लिही. जोरात वाच."

"सात नंबर," मुलीने वाचलं, "एक बोट."

वाचलेलं खालपर्यंत ऐकू गेलं. तासाभरात मुकादम एक मोळी खांद्यावर आणि दगडांची पाटी डोक्यावर घेऊन वर आला. मावशी त्याच्या मागून, धापा टाकत, खुंट्या घेऊन. संध्याकाळच्या आत चर सांधला गेला आणि माझ्या पायाशी मोळी पक्की झाली. एक बोट माती गेली होती. ती गेली असं कुणीतरी म्हणालं, म्हणून दुसरं बोट गेलं नाही.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या मोजणीदार होईल, कुणी मुकादम, कुणी साहेब. माझ्यासारखी एखादी काठी कुठेतरी तुमच्या पुढ्यात उभी असेल, आणि कुणीतरी तुमच्या कानात सांगेल की आकडा जरा लहान लिहा. त्याच्याशी भांडू नका. त्याला एवढंच विचारा, "उताराच्या खाली कोण राहतं?" उत्तर मिळेपर्यंत घण हातात घेऊ नका.